योगराज कापगतेंची वेगवान पंगत

मोटारींच्या शर्यतीचा सिनेमा बघायला जावं असं योगराज कापगतेंच्या आयुष्यात काही घडलेलं नव्हतं. त्यांच्याकडे एक टेम्पो होता, तो उतारावर बरा पळायचा. एक स्कूटर होती, ती मनात आलं तर चालू व्हायची. बाकी त्यांचा सगळा धंदा बसण्याचा, म्हणजे लोकांना बसवण्याचा. सौंदड स्टेशनच्या आजूबाजूला ज्याच्या घरी लग्न झालं, बारसं झालं किंवा तेरवी झाली, त्याला 'वच्छला बिछायत केंद्र व केटरर्स' हे नाव ठाऊक होतं. दऱ्या म्हणजे जाड सतरंज्या, गाद्या, मांडव, भात शिजवायचे मोठाले गंज आणि वाढणारी माणसं, सगळं एका फोनवर हजर. वच्छला हे बायकोचं नाव. ते पाटीवर चढल्यापासून वरण पातळ झालं तरी लोक तिलाच येऊन सांगत, आणि योगराजना ही व्यवस्था फार आवडत असे.

मार्चमध्ये ते दोन गंजांना नवं बूड लावून आणायला गोंदियाला गेले. दुकानदार म्हणाला, संध्याकाळी या. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. त्यांची मुलगी रुचिका तिथे कॉलेजात होती. तिच्या मैत्रिणीने ऐनवेळी नाही म्हटल्यामुळे सिनेमाचं एक तिकीट उरलं होतं. तिकीट वाया जाऊ देणारा माणूस कापगत्यांच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. शिवाय आत एसी होता. योगराज आत गेले, खुर्चीत बसले आणि पडद्यावर सिनेमाचं नाव यायच्या आत झोपले.

जाग आली तेव्हा पडद्यावर एक गाडी येऊन थांबली होती. लाल कपड्यांतली माणसं तिच्यावर तुटून पडली, बाजूला झाली आणि गाडी निघूनही गेली. काय झालं, असं त्यांनी रुचिकाला विचारलं. टायर बदलले, चारही, ती म्हणाली. कधी? आत्ता. पोरगी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. मागच्या दिवाळीत त्यांच्या टेम्पोचा एक टायर बदलायला दुपार गेली होती, कारण मेकॅनिक जॅक घेऊन घरी जेवायला गेला होता.

त्यानंतर योगराजनी पापणी लवू दिली नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेजारच्या बाईंना वाटलं, नायक हरतो आहे म्हणून हा भला माणूस रडतो आहे. नायकाशी योगराजना काही देणंघेणं नव्हतं. गाडी पुन्हा कधी थांबते, एवढीच ते वाट बघत होते. पळताना सगळ्याच गाड्या पळतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. जिंकतो तो थांबल्यावर कमी वेळ थांबणारा. आणि थांबणं हाच तर त्यांचा धंदा होता.

पंगतीचा खरा शत्रू कोणता, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. भात मऊ झाला तर लोक चालवून घेतात. पण पहिली पंगत उठून दुसरी बसेपर्यंत जो काळ जातो, त्यात नाती तुटतात. जेवणाऱ्याच्या पाठीशी दुसरा माणूस येऊन उभा राहतो आणि त्याच्या पानाकडे असा बघतो की घास घशात अडकावा. याच भानगडीमुळे अलीकडे लोक बफेकडे वळू लागले होते. बफे हा शब्द योगराजच्या घरात कोणी काढत नसे. हातात ताट धरून उभ्याने खाणं त्यांना बस सुटत असलेल्या माणसाचं जेवण वाटे.

रात्री घरी पोचल्यावर त्यांनी वच्छलाबाईंना सिनेमा सांगितला. शर्यत, टायर, लाल कपडे, कानाला रेडिओ लावून हुकूम सोडणारा प्रमुख, सगळं सांगून झालं. आता आपली पंगतही अशीच चालणार, असं जाहीर केलं. वच्छलाबाई तांदूळ निवडत होत्या.

"गाडीले चार टायर असतात," त्या म्हणाल्या. "माणसाले पोट एकच, अन् ते हळूहळू भरते."

योगराजनी हे मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या केशोराव गुरुजींना गाठलं. केशोराव हे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे सल्ले आणि शाळेची शिट्टी एवढंच उरलं होतं. त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांची मतं अगदी स्वच्छ होती. मोठ्या कंपन्या अशाच चालतात, प्रत्येकाला एकच काम द्यायचं आणि दुसऱ्याच्या कामात बघू द्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. लगोलग शिट्टी धुऊन वाळत घातली.

हे सगळं बोलण्यातच विरून गेलं असतं. पण त्याच आठवड्यात बाजारात कोणीतरी सहज सांगितलं, की ईश्वरदास डोंगरवार पोरीच्या लग्नासाठी गोंदियाला बफे बघून आले.

ईश्वरदास हा योगराजचा लहानपणापासूनचा मित्र. एकाच तलावात दोघं पोहायला शिकले आणि एकाच विषयात नापास झाले. त्यांची मुलगी दिव्या लहानपणी मंडईच्या जत्रेला जायची ती योगराजच्या खांद्यावर बसून. तिच्या लग्नाचं जेवण दुसरं कोणी करेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते तसेच टेम्पो घेऊन ईश्वरदासच्या घरी गेले आणि ओसरीवर न बसता उभ्यानेच विचारलं, "काऊन बा, आमचा भात कडू लागून राहिला का?"

ईश्वरदासनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. मुलाकडची वरात मोठी, नोकरीवाले लोक. मागच्या वर्षी पुतणीच्या लग्नात तिसरी पंगत बसता बसता दिवे लागले आणि व्याही उपाशी परत गेले. तो विषय अजून घरात निघतो.

"माह्या घरी एक वराती ताटकळत उभा दिसला, तर मले वर्षातून दोनदा ऐकावं लागन," ईश्वरदास म्हणाले. "पोरीले रोज ऐकावं लागन."

योगराजनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी शब्द दिला. एक पंगत कधी उठली आणि दुसरी कधी बसली हे कोणाला कळणारसुद्धा नाही. कळलं तर केंद्राची पाटी उतरवतो. ईश्वरदासनी मान डोलावली. गोंदियाच्या बफेवाल्याला त्यांनी नाही म्हणून कळवलं, तेही योगराजसमोरच.

पाटीची गोष्ट ऐकून वच्छलाबाईंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. पाटी आपल्या नावाची असताना ती उतरवणारे तुम्ही कोण, एवढंच त्यांनी विचारलं. योगराज चपला घालून तयारीला लागले.

पहिली अडचण माणसांची. त्यांच्याकडचा सगळ्यात जुना वाढपी दुधराम. उंच, सरळ, हातात बादली असली की पालखी धरल्यासारखा चालणारा. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला एकच पदार्थ मिळाला आणि दुधरामच्या वाट्याला मीठ आलं. चिमूटभर मीठ वाढून आलो असं घरी कोणत्या तोंडाने सांगू, असं तो म्हणाला. त्याला 'मीठ प्रमुख' म्हणायचं ठरलं तेव्हा तो राजी झाला, पण राग आत तसाच राहिला. टेम्पोचा ड्रायव्हर छोटेलाल याचं वेगळंच. तो रायपूरकडून आलेला, हिंदीत बोलायचा. शर्यतीच्या पिक्चरमध्ये हिरो ड्रायव्हरच असतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळे आपण नुसता टेम्पो चालवणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. त्याची समजूत घालायला योगराजनी वेल्डिंगवाल्याकडून एक गाडा करवून घेतला. खाली चार चाकं, वर वरणाचा गंज. छोटेलालने त्याला पुढे आरसा लावला. वरणाच्या गाड्याला मागचं बघायची काय गरज, हे कोणी विचारलं नाही.

कपड्यांचं काम चुन्नीलाल शिंप्याकडे गेलं. सगळ्यांना लाल झगे हवे होते, सिनेमातल्यासारखे गळ्यापासून घोट्यापर्यंत. लग्नसराईत चुन्नीलालकडे लाल कापड संपलेलं. मांडवाच्या कनातीचं लाल कापड योगराजच्याच गोदामात पडून होतं. त्यातलं थोडं देऊ का, असं त्यांनी विचारलं. चुन्नीलाल म्हणाला, कापडाला कोण विचारतो, शिलाई महत्त्वाची. पुढे काय होईल ते त्या वेळी दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सराव करायला मैदान हवं होतं. त्यासाठी ग्रामपंचायतीची परवानगी लागत होती. ग्रामसेवक नवीन आणि कायद्याला धरून चालणारा. कार्यक्रम धार्मिक, सांस्कृतिक की क्रीडा, असं त्याने विचारलं. योगराज म्हणाले, जेवणाचा सराव. असा प्रकार कागदावर नाही, ग्रामसेवक म्हणाला. केशोराव गुरुजींनी मध्ये पडून सांगितलं, की यात धावणं आहे, शिट्टी आहे, गणवेश आहे, तेव्हा क्रीडा लिहा. क्रीडा लिहिल्याबरोबर प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी आणि पंच सक्तीचे झाले. शिवाय स्पर्धेची सूचना फळ्यावर लावणं भाग पडलं.

फळा वाचून अर्धं गाव मैदानावर जमलं. रिकाम्या पत्रावळींवर पाणी वाढून सराव करायचा होता. पण पत्रावळ मांडलेली बघून लोक बसले. बसल्यावर थोडा वेळ त्यांनी पाण्याकडे बघितलं. मग एक म्हातारी म्हणाली, बाप्पा, पोटाची अशी थट्टा करू नये. वच्छलाबाईंनी चूल पेटवली. त्या संध्याकाळी गावाने पोटभर खिचडी खाल्ली आणि उद्याही स्पर्धा आहे का, अशी चौकशी करून घरी गेलं. सराव असा काही झालाच नाही. पण खिचडी झपाट्याने संपली, यावरून गुरुजींनी निष्कर्ष काढला, की गट तयार आहे.

रेडिओची सोय रुचिकाने केली. तिने मोबाईलवरून, लांबून एकमेकांशी बोलायचे खेळण्यातले डबे मागवले, वरती अँटेना असलेले. एक योगराजकडे, बाकीचे वाढप्यांच्या कमरेला. घरात तरी छान ऐकू येत होतं. स्वयंपाकघरातून वच्छलाबाईंनी "चहा घ्या" म्हटलं तर ओसरीवर ऐकू आलं. तेवढं डब्याशिवायही ऐकू येत असे, पण आता ते विज्ञानाने ऐकू आलं.

एप्रिलच्या शेवटी लग्न आलं. मांडव ईश्वरदासच्या घरामागच्या शेतात घातला होता, धान कापून मोकळ्या झालेल्या दोन बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत. दोन बांध्यांच्या मधोमध मातीचा धुरा, म्हणजे बांध, आडवा जात होता. तो फोडावा का, असं मांडव घालणाऱ्याने विचारलं होतं. पावसाळ्यात पुन्हा कोण बांधणार, म्हणून ईश्वरदासनी दरी अंथरून तो झाकायला लावला.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. वराती पहिल्या पंगतीला बसले आणि केशोराव गुरुजींनी शिट्टी फुंकली.

जे झालं ते खरोखर वेगवान होतं, हे योगराजचे शत्रूही कबूल करतील. लोक मांडी घालेपर्यंत पानात भात पडला. नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत भाजी पडली. वांग्यावर पुरी, पुरीवर बुंदी, बुंदीवर कढी, ज्याला जशी वाट मिळाली तसं वाढून तो पुढे गेला. दुधराम रागात होता, आणि मीठ हे एकच काम असल्यामुळे तो ते पुन्हा पुन्हा करत होता. एका वराती पाहुण्याच्या पानात मिठाचा एवढा ढीग झाला, की त्याला तो भातच वाटला. पण पंगत लवकर उठली, हे नाकारता येत नाही. योगराज मांडवाच्या टोकाला रिकाम्या ड्रमवर उभे होते, कमरेवर हात, कानाशी डबा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण उंच आहोत असं वाटलं.

दुसऱ्या पंगतीला वऱ्हाडातली मोठी माणसं बसली, आणि इथून गडबड सुरू झाली. पानं उचलणाऱ्यांना नुसती उचलायची शिकवण मिळाली होती, कधी उचलायची ते कोणी सांगितलं नव्हतं. एक आजोबा ढेकर द्यायला जरा मागे रेलले, तेवढ्यात पान गेलं. हातातला घास घेऊन ते जमिनीकडे बघत राहिले. आणि झग्यांचं रहस्य उघडं पडलं. मांडव लाल, कनाती लाल, वाढपीही त्याच कापडाचे. थोडं लांबून बघितलं की बादल्या हवेत तरंगत येताना दिसत आणि पळी आपोआप वाकत असे. दुधराम जरा टेकायला कनातीला लागून उभा राहिला, तर एका बाईने खांब समजून त्याच्या हाताला पिशवी अडकवली आणि ती जेवायला गेली. दुधराम पिशवी घेऊन तसाच उभा राहिला. परक्या माणसाची वस्तू सोडून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मग छोटेलाल आला. वरणाचा गंज काठोकाठ भरलेला, गाडा वेगात, आरशात मागचं सगळं स्पष्ट दिसत होतं. समोर दरीखाली धुरा होता. गाडा थांबला, गंज थांबला नाही. वरणाची लाट खालच्या बांधीत उतरली. तिथली बायकांची पंगत एकदम उठून उभी राहिली, लुगडी वर धरून. छोटेलाल गाड्याची दांडी धरून शांतपणे म्हणाला, "ब्रेक तो लगवाया ही नहीं था।"

ड्रमवर उभ्या योगराजचा आता तोल जाऊ लागला. पंगत थांबली होती आणि मागे माणसं उभी राहिली होती, नेमकी ज्याची भीती होती तशी. त्यांनी डब्यात तोंड घातलं आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. त्यांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती. डीजेवाल्याने नवरदेवाच्या मित्रांसाठी बिनतारी माईक लावला होता. तो आणि हे खेळण्यातले डबे हवेत एकाच लहरीवर भेटले. आत्तापर्यंत गाणी चालू होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या क्षणी गाणं संपलं.

मांडवाच्या चारी कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून योगराजचा आवाज घुमला, "निळ्या फेट्यावाल्याले बुंदी बंद करा. चौथ्यांदा मागून राहिला तो. त्याले उठवा आता, मागं लोक उभे आहेत."

आपला आवाज एवढा मोठा आणि एवढा घोगरा असतो, हे योगराजना पहिल्यांदाच कळलं. मग त्यांनी बघितलं, निळ्या फेट्याचा माणूस हळूहळू उभा राहत होता.

तो नवरदेवाचा मामा होता. बकारामजी त्यांचं नाव, वनखात्यातून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या ताठ. त्यांनी हातातली बुंदी पानात परत ठेवली, हात झटकला आणि मांडवाबाहेर चालू लागले. त्यांच्या मागे नवरदेवाचे काका उठले, मग काकू, मग जी वरात जेवत होती ती आणि जी जेवून पान खात होती तीही. सगळे रस्त्याकडच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन गाड्यांजवळ बसले. नवरदेव तेवढा व्यासपीठावर राहिला, कारण त्याला उठू का हे कोणाला विचारावं ते सुचत नव्हतं. त्याच्या शेजारी दिव्या खाली मान घालून बसली होती.

ईश्वरदास ड्रमपाशी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला होता.

"उतर खाली," ते म्हणाले. "काही तरी कर. माही पोरगी त्या घरी जाऊन राहिली आज."

योगराज खाली उतरले. केशोराव गुरुजींनी सुचवलं की लेखी दिलगिरी द्यावी, मसुदा आपण करतो. डीजेवाल्याने सुचवलं की एखादं गोड गाणं लावू. योगराजनी दोघांकडेही बघितलं नाही. त्यांनी डबा बंद करून ड्रमवर ठेवला आणि मोहाच्या झाडाकडे निघाले. लाल झगा घामाने अंगाला चिकटला होता. उन्हात, उघड्या शेतात, तो आता फारच स्पष्ट दिसत होता.

मामा जीपच्या पायरीवर पाठ करून बसले होते. योगराजनी हात जोडले. गर्दीत, घाईत, तोंडून निघून गेलं, असं म्हणाले. मामांनी मिशी हलवली नाही. माझी चूक आहे, पोरीची नाही, असं म्हणाले. मामा लांब तलावाच्या पाळीकडे बघत राहिले. मग योगराज म्हणाले, मी बोललो ते खोटं होतं. त्याबरोबर पलीकडून मामी म्हणाल्या, "खोटं कायले? खरंच बोलले ते."

सगळे मामींकडे वळले. बाई ठेंगणी होती आणि बराच काळ गप्प बसून आता कंटाळली होती.

"डॉक्टरनं याह्यची साखर बंद करून ठेवली," त्या म्हणाल्या. "घरी मी डबे लपवतो. लग्नात कोणी पाहत नाही म्हणून हे खाऊन राहिले. आता पाहिलं एकानं, त राग काऊन येऊन राहिला?"

वरातीतला कोणीतरी खोकला. खोकल्याआडून हसू निसटलं आणि मग ते पसरत गेलं. मामांनी वळून बायकोकडे बघितलं, वरातीकडे बघितलं आणि शेवटी योगराजकडे. ते पहिल्यांदाच बोलले.

"चौथ्यांदा नव्हतं ते," मामा म्हणाले. "तिसऱ्यांदा होतं."

योगराज कापगते उभ्या आयुष्यात पंगतीत कोणी काय किती मागितलं हे कधी चुकले नव्हते. तो त्यांचा अभिमान होता. चौथ्यांदाच होतं. पहिल्या वेळी तर मामांनी दोन पळ्या मागितल्या होत्या. ते सगळं त्यांच्या ओठांवर आलं. मग त्यांना व्यासपीठावर मान खाली घालून बसलेली पोरगी दिसली.

"तिसऱ्यांदाच," ते म्हणाले. "माही मोजणी चुकली."

मामा उठले. झग्यावरची धूळ बघून त्यांनी योगराजच्या खांद्यावर एक थाप मारली आणि अट सांगितली. वरात पुन्हा बसेल. पण वाढणार तूच, आणि पळायचं नाही.

वरात पुन्हा बसली. योगराजनी झगा काढून ठेवला, धोतर सारखं केलं आणि बादली उचलली. ते प्रत्येक पानासमोर थांबले, वाकले, हवं का विचारलं, उत्तराची वाट बघितली. मामांना कढी फार आवडली. त्यांनी ती पुन्हा मागितली, मग पुन्हा. योगराजनी मोजलं नाही, म्हणजे मोजलं, पण मनातच ठेवलं.

पण त्यामुळे एक झालं. गावची माणसं, ज्यांची पंगत अजून व्हायची होती, ती तशीच उभी होती. बादली हातात धरून योगराज बघत होते, पण मामांचं पान सोडून त्यांना हलता येईना. तेवढ्यात त्यांना दिसलं, की वच्छलाबाई लाकडी बाकं ओढून सावलीत लावत आहेत. त्यावर भाताचा गंज गेला, भाजीचा गेला, पुऱ्यांची टोपली गेली. त्या लोकांना ताटं देत होत्या आणि सांगत होत्या, घ्या बाप्पा आपल्या हातानं, जेवढं पायजे तेवढं. लोक घेत होते आणि झाडाखाली उभे राहून गप्पा मारत जेवत होते. हे काय आहे ते योगराजना कळलं. त्याचं नाव घ्यायची त्यांना इच्छा नव्हती. त्यांच्याच केंद्राच्या पाटीखाली, त्यांच्याच बायकोच्या हाताने, ते चालू होतं. मामा म्हणाले, कढी. योगराज वाकले.

उन्हं कलली तोपर्यंत सगळं गाव जेवलं होतं. कोणी उपाशी गेलं नाही. हात धुता धुता दोन जणांनी येऊन आपल्या घरच्या कार्याची चौकशी केली, वराकडच्यांना पंगत आणि बाकीच्यांना बाकावर, असंच पाहिजे म्हणून. तिसऱ्याने भोंग्यावरची कॉमेंट्री पण असेल ना, असं विचारलं. केशोराव गुरुजींनी त्याला सांगितलं की ती वेगळी पडेल. दुधरामकडची पिशवी त्या बाई घेऊन गेल्या आणि त्याला तिथेच बघून फार दचकल्या. पाटीचा विषय कोणीच काढला नाही. ईश्वरदासनी फेटा पुन्हा डोक्याला बांधला होता आणि ते व्याह्यांबरोबर हसत होते.

पाठवणीची वेळ झाली. रस्त्यावर नवरदेवाची फुलं लावलेली गाडी येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. योगराज रिकामी बादली घेऊन स्वयंपाकाच्या मांडवाकडे निघाले होते. वाटेत दिव्या दिसली. घराच्या मागच्या दाराशी, आतल्या खोलीकडे जाताना भिंतीला हात लावून उभी होती. चेहरा उतरलेला. तो रडण्याने उतरलेला नव्हता. असा चेहरा योगराजनी फार पंगतींच्या मागे उभा राहिलेला बघितला होता.

"बाई, तू जेवली का?" त्यांनी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. सकाळी सरबत घेतलं, मग विधी, मग फोटो, मग ती भोंग्याची भानगड. नंतर कोणी विचारलं नाही.

योगराजनी बादली खाली ठेवली. दिवसभर किती पानं मांडली, किती उचलली, त्यातलं एकही तिचं नव्हतं. त्यांनी भिंतीजवळ दरी अंथरली, पत्रावळ मांडली. वच्छलाबाईंनी चुलीच्या राखेवर थोडं वरण गरम ठेवलेलं होतं. भात, वरण, वांगं. वाढून झाल्यावर ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. शालू सावरत ती एक एक घास खाऊ लागली, आधी लाजत, मग नीट.

हॉर्न वाजला. परत वाजला. ईश्वरदास लगबगीने आत आले, मुहूर्त टळेल, व्याही गाडीत बसले, पोरगी कुठं आहे असं विचारत. दाराशी येऊन त्यांनी बघितलं आणि ते थांबले. फेटा सांभाळत तेही दरीच्या कडेला बसले आणि पोरीकडे बघत राहिले.

छोटेलाल डोकावला. ड्रायव्हर जल्दी मचा रहा है, त्याने कळवलं.

"त्याले गाडी बंद कराले सांग," योगराज म्हणाले. "पोरगी जेवून राहिली."

दिव्याने पानातला भात संपवला आणि वर बघितलं. "काका, कढी हाय का?"

योगराज उठले. मोठा गंज तळाला लागला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी तिरका केला, पळीने कडा पुसून घेतल्या. वाटीभर निघाली. ती वाटी घेऊन ते सांडू न देता, सावकाश परत येत होते, तेव्हा बाहेर गाडीचं इंजिन बंद झालं.